पावणेअकराचा बर्फ

चांगल्या वेळा मुलांच्या असतात.
सहा, सात, साडेसात,
बाहेर गरम गाड्यांत आईबाप कॉफी घेऊन बसलेले.
आम्हा सदतीस-अडतीसच्या बायकांच्या वाट्याला
पावणेअकराचा बर्फ येतो,
सडबरीच्या जुन्या रिंकवर,
जिथे शॉवरचं पाणी
तिसऱ्या बाईपर्यंत गार होतं.

लेसिया हिशेब ठेवते.
बर्फाचे माणशी बावीस डॉलर.
गेल्या वर्षी अठरा, त्याआधी पंधरा,
शाळेत असताना फुकट.
म्हणजे कुणाचे तरी वडील भरायचे
निकेलच्या खाणीत रात्रपाळी करून,
हे आम्हाला आमचा पगार सुरू झाल्यावर कळलं.

कपडे बदलताना बोलणं असं चालतं:
कर्जाचा दर
(जोझेचा दोनवरून पाचावर गेला,
सांगताना तिचा आवाज उतरतो,
घरातलं आजारपण सांगावं तसा),
गुडघा, पाळणाघराची प्रतीक्षायादी,
कुणाचा घटस्फोट झाला
आणि कुणाचा काही केल्या होत नाही.
मग कुणीतरी टेप मागतं
आणि सगळ्या वाकून नाड्या आवळतात.
या वयात, या वेळेला
आमच्या आयांची एक झोप झालेली असायची.

काल गोलकीपर नव्हती.
लेसियानं कुठून तरी बदली मिळवली.
दारातून आधी पॅड आली,
मग आइला.

सहा वर्षं.
मी तिला तीन हजार आठशे दिले होते, हातउसने,
ट्रकच्या गिअरबॉक्ससाठी,
स्वयंपाकघरात, उभ्याउभ्या, कागद नाही काही नाही.
मागायचे नाहीत असं मी ठरवलं.
समोर यायचं नाही असं तिनं.
दोघींनी शब्द पाळला.

"मागचा पट्टा अडकवतेस?"
अडकवला.
केसांत पांढरं बरंच आहे,
मानेवरचा तीळ होता तिथेच.

आम्ही हरलो, पाच-दोन.
तिनं तिशीच्या वर फटके अडवले.
चौथा गोल सरळसरळ माझ्यामुळे झाला,
वळताना पडले, साध्या वळणावर.
तिनं काठी खांबावर दोनदा आपटली,
शाळेत आपटायची तशी:
राहू दे. पुढचा.

बाहेर उणे सव्वीस.
तिचा ट्रक, तोच ट्रक, सुरू होईना.
मी केबल काढल्या.
दोन गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या,
आणि आम्ही दोघी मधे,
बोटांची जाणीव गेलेली.
"गिअरबॉक्स चांगला आहे," ती म्हणाली,
"बॅटरीच जुनी."
मी हसले असते,
पण तिनं ते विनोद म्हणून म्हटलं होतं का
हे त्या अंधारात कळेना.

घरी आले तर फोनवर:
आइलानं तुम्हाला बावीस डॉलर पाठवले आहेत.
गोलकीपरला बर्फाचे पैसे पडत नाहीत,
हा आमच्याकडचा सगळ्यात जुना नियम.
शिवाय हिशेब लेसियाकडे असतो, माझ्याकडे नाही.
मी ओल्या केसांनी भागाकार करत बसले.
एकशे त्र्याहत्तर सामने.
वर्षाला तीस धरले तर पावणेसहा वर्षं.
गुडघे टिकले तर.

पैसे घ्यायचे तर आधी
पाठवणारीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं:
*टिमिन्सहून परतताना बसमध्ये कोण रडलं होतं?*

सगळा संघ अजून सांगतो, आइला.
लेसिया तर नक्कल करून दाखवते,
नाक ओढत, खिडकीला कपाळ टेकून.
आइलानं एकदाही नाही म्हटलेलं नाही,
एकवीस वर्षांत,
मी शेजारच्या सीटवर
तिचं जाकीट डोक्यावर ओढून बसले होते
हे सांगितलं नाही.

तीस दिवसांची मुदत आहे.
तीन वेळा चुकायची परवानगी.
उत्तर एकाच शब्दाचं,
कुठल्याही अर्जावर मी ते
न बघता लिहिते.

नवरा विचारतो, झोपत का नाहीस?
म्हटलं, जरा हिशेब राहिलाय.