खूण

वूचमधल्या लाल विटांच्या कापडगिरणीत
आता सूत नाही.
पाव भाजायचे डबे येतात, ट्रकच्या ट्रक,
दोन वर्षं राबलेले, कातडी गेलेले,
कोपऱ्याकोपऱ्यांत राईच्या पावाची काळी खरवड.
आधी भट्टीत जुनं अस्तर जाळायचं.
मग वाळूचा मारा.

"गुळगुळीत पत्र्यावर हे बसत नाही,"
पहिल्याच दिवशी झेनोबिया म्हणाली.
"ज्याला काही चिकटत नाही
ते तरी कशाला चिकटेल?
म्हणून पत्रा ओरबाडायचा.
ओरखड्यांत पाय रोवून उभं राहतं ते."
मी हात फिरवला.
मांजराच्या जिभेसारखा पत्रा.
त्यावर एक फवारा, वाळला की दुसरा,
आणि तीनशे ऐंशी अंशांची भट्टी.
बाहेर येतो तो डबा
कोबीच्या पानासारखा: थेंब टाका,
थेंब उभ्या उभ्या निघून जातो.

सिगारेट आत आणायची नाही, हे दारावर लिहिलंय.
तिचा भाऊ वात्सवाफ आणायचा.
कणभर भुकटी तंबाखूत मिसळायची,
रात्री हुडहुडी, घोंगडीवर घोंगडी,
आणि दोन दिवसांनी पठ्ठ्या हसत कामावर.
तीनदा झालं असं.
मग त्याने सोडली.
सिगारेट नाही, नोकरी.

महिन्याला एखादी टाकी येते, खतकारखान्याची,
आम्ल साठवायची, आतून अस्तर लावलेली.
तिच्या पोटात झेनोबियाच उतरते,
अठ्ठावन्न वर्षं, कुरकुरते गुडघे,
हातात तांब्याचा कुंचला, त्यात हजारो व्होल्ट.
भिंत झाडल्यासारखी तपासते, वरून खाली, हातभर हातभर.
सुईच्या टोकाएवढं छिद्र सापडलं
की निळी ठिणगी: कट्.
आम्लाला तेवढी वाट पुष्कळ होते.

पण सापडलेलं छिद्र दाखवायचं कसं?
खडू घसरतो.
शाई गोळे होऊन पळते.
चिकटपट्टी पाठ फिरवण्याआधी खाली पडलेली असते.
म्हणून ती वीज बंद करते,
छिद्रावर बोट ठेवते
आणि ओरडते, "ये, मोज!"
मी टेप नि वही घेऊन तोंडातून आत वाकतो.

त्या गुरुवारी ती ओरडली
तेव्हाच माझा फोन वाजला. इस्पितळ. वडील.
मी "आलोच" म्हणालो की नाही, आठवत नाही.
फाटकापर्यंत चालत गेलो.
ट्रॅम गेली, दुसरी गेली,
बहिणीला कळवलं, परत कळवलं,
कुणाच्या तरी सायकलच्या घंटीवर बोट आपटत राहिलो.
मग भिंतीला टेकून
नुसता विटा मोजत.

चाळीस मिनिटांनी वहीची आठवण झाली.
टाकीच्या तोंडाशी धावलो.
आत ती तशीच उभी.
उजवा हात खांद्याइतका वर, कोपराला डाव्या हाताचा टेकू,
नखाखालचं बोट पांढरं पडलेलं.
जेवणाचा भोंगा तिनं आतूनच ऐकला असणार.
काढून घेतलं असतं तर
पुन्हा सगळी भिंत, पुन्हा अख्खी दुपार.
कुठे होतास, विचारलं नाही.
माझ्याकडे बघून मात्र घेतलं, एकदा, नीट.
"लिही," म्हणाली,
"शिवणीपासून एकशे बारा. वरून सत्तेचाळीस."

मी लिहिलं. सत्तेचाळीसचा चार थरथरला.
मग तिनं बोट उचललं.
घामाचा एक ठिपका तिथे होता क्षणभर,
तोही गोळा होऊन
खाली गेला, बूड गाठलं.
"वडील?" तिनं विचारलं.
मी मान हलवली.
तिनं तेच बधिर बोट माझ्या बाहीला पुसलं,
जरा जास्तच वेळ,
आणि कुंचला उचलला:
"अजून अर्धी भिंत आहे."