वारा सरला का

दिवाळ्याच्या जेट्टीवरून पाचला निघालो,
भरती संपता संपता.
पुलाच्या सातव्या खांबाला तडा आहे का, एवढंच बघायचं होतं.
बघायचं म्हणजे चाचपायचं.
वाशीच्या खाडीत डोळे कामाचे नसतात,
हसुराम हातांनी बघतो:
कालवं कुठं दाट, सिमेंट कुठं सुटलंय.
वर येऊन ओल्या बोटानं वहीवर काढून दाखवतो,
आणि इंजिनियर त्या वहीचा फोटो काढतो.

माझ्याकडं दोर, आणि कंप्रेसर,
आणि पिवळी नळी, तीन ठिकाणी चिकटपट्टी लावलेली.
दोराला एक हिसका: ठीक.
दोन: सैल सोड.
तीन: ओढ.
माझ्या बहिणीचा नवरा तो.
घरात याहून जास्त बोलणं होत नाही आमचं.

तीन आले.
परत तीन. मग मोजता येईनात.

नियम मला पाठ आहे, त्यानंच शिकवलेला:
आपल्याच बुडबुड्यांच्या पुढं जायचं नाही.
खाली मूठभर असलेली हवा
वर येईतो ओंजळभर होते.
मी ओढलं.
बुडबुडे मागं राहिले.

होडीत आल्यावर बोलला तो,
"नळी पिळली रे, हवाच गिळत बसलो,"
आणि हसलासुद्धा.
जेट्टी येईतो बनियन पुरेना.
पोट वर, आणखी वर,
बहिणीचं सातव्या महिन्यात होतं तेवढं,
मग त्याहून मोठं,
वर टिचकी मारली तर रिकामं पिंप.
घोळ खोलातून झटक्यात ओढली
की तिचं भोत असंच फुगतं.
बाजारात त्या भोताला काय भाव येतो
हे मला रिक्षात आठवलं,
आणि आठवल्याची लाज वाटली.

त्याची आई दारातच भेटली. "पोटान काय भरलंय त्याचे?"
काय सांगू. काहीच नाही, आई.
नुसती हवा.

डॉक्टरीण लहान होती, चष्म्याच्या काडीला टेप.
हसुरामचे ओठ वांग्यासारखे, पाय गार,
श्वास गळ्याशीच घुटमळणारा.
"आधी एक्स-रे?" कुणीतरी विचारलं.
"तोवर राहायचा नाही हा."
आतल्या हवेनं छाती वर रेटली होती
आणि रक्ताची मोठी शीर खाली चेपली होती,
म्हणजे त्याच्या आतही एक नळी पिळली होती.
तिनं बेंबीजवळ जाड सुई घातली.

स्स.
बराच वेळ.
मला वाटलं घाण वास येईल.
आला तो डिझेलचा, पुसट,
माझ्याच कंप्रेसरचा.

मग ऑपरेशन. जठराला वरच्या अंगाला बोटाएवढी फाट.
मग नाकात नळी, तोंडाला पाणी नाही,
आणि रोज सकाळी सगळ्यांचा एकच प्रश्न:
वारा सरला का?
डॉक्टरीण विचारते. फरशी पुसणारी मावशी विचारते.
शेजारच्या खाटेवरचे नेरूळचे गडकर, रिटायर्ड हेडक्लार्क,
विचारतात आणि पेपराच्या कडेला तारीख घालून 'नाही' लिहितात.
बहीण घरून मेसेज करते, एकच शब्द: सरला?

चौथ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस फॉर्म घेऊन आला.
"होडीत पाय घसरला, असं लिहा.
सगळ्यांना सोपं जाईल."
पेन त्यानंच आणलं होतं. चांगलं होतं पेन.
मी लिहिलं: दोर मी ओढला. नळी जुनी होती.
त्यानं कागद घडी न घालता नेला.

पाचव्या रात्री, तीन वाजून वीस मिनिटं.
होडीचं जुनं इंजिन सुरू होण्याआधी
एकदा खोकतं ना, तेवढाच आवाज.
"आला!" अंधारात गडकर ओरडले.
सगळा वॉर्ड जागा झाला, खिदळायला लागला.
हसुराम दोन्ही हातांनी पोट धरून,
"हसवू नका रे. टाके. टाके."

बहिणीला लिहिलं: सरला.
ती जागीच होती.
विचारलं: किती?

मी लिहिलं: एक.