भरतीचं कोष्टक

पहाटे पाचला गोळी, उपाशीपोटी.
मग तासभर चहा नाही.
त्या तासात पडवीत बसून मी वहीत उतरवते
आजच्या भरतीची वेळ:
अकरा बावीस, दोन पूर्णांक चार मीटर.
पूर्णगडच्या बंदर चौकीत बारा वर्षं हेच काम.
आकडे आणायचे, फळ्यावर लिहायचे,
वळणदार.

एप्रिलात अख्खं गाव घामानं निथळतं
आणि माझ्या अंगात पोराचा शाळेचा स्वेटर.
भुवयांची टोकं विरळ झाली.
गुंतवळ मोजणं मी सोडून दिलं.
आवाज इतका घोगरा, की वायरलेसवर
अनोळखी होड्या मला "साहेब" म्हणतात.
परवा नांगर हा शब्द आठवेना.
समोर दिसत होता, गंजलेला, तिरका पडलेला,
मी म्हटलं, ते... ते जड असतं ते.

पन्नासाची पंचाहत्तर झाली, पंचाहत्तरची शंभर.
पावसच्या डॉक्टरांनी रिपोर्ट उजेडात धरला:
दोन पूर्णांक एक. एकदम नॉर्मल.
आता जरा फिरायला जात जा.
घरी सासूबाई म्हणाल्या, चांगलाच आलाय की. मग?
त्या 'मग'पाशी मी बराच वेळ उभी होते,
हातात निवडायची मेथी.
आकडा बरा झाला होता.
उरलं ते सगळं माझ्या नावावर:
आळस, विसराळूपणा, ढोपरांची सूज.

मग त्या मंगळवारी दाऊद सोलकर
मांडीपर्यंत चिखल घेऊन चौकीत आला.
"तुज्या फल्यावर भरती हाय,
माजी होडी वालूत हाय. कोन खोटं?"
मी कोष्टक काढलं, बोट ठेवून दाखवलं.
तो रागावला नाही. बाकावर टेकला, बिडी शोधली.
"कोनच नाय खोटं.
पानी हाय गो बाय, वाट नाय.
मुखाशी गाल भरलाय."

हे मी रत्नागिरीला डॉ. तहसीन वस्तांना सांगितलं,
आजाराचं सांगायच्या आधी होडीचं.
त्या हसल्या नाहीत. पेन खाली ठेवलं.
लोहाची गोळी कधी घेता? सहा वाजता, चहाबरोबर.
ती दुपारी न्या, दोघींची गाठ पडू देऊ नका.
रक्त पुन्हा दिलं, तीन बाटल्या.
म्हणाल्या, गोळीतलं औषध शरीराला
बदलून घ्यावं लागतं. काहींचं तिथे अडतं.
का, ते आम्हालाही पुरतं उमगलेलं नाही.
दुसरी एक गोळी अगदी थोडी देऊन बघू,
दोन वेळा विभागून. छाती धडधडली
तर थांबायचं, मला फोन करायचा.
चमत्कार मात्र मागू नका.

चौथ्या रात्री धडधडली.
जुनं इंजिन रिकाम्या खाडीत सुटावं तशी.
फोन केला. अर्ध्याची पाव झाली.

आता सातवा आठवडा.
बरी झाले असं म्हणणार नाही.
रविवारी दुपारी चारपर्यंत अंथरूणच जिंकलं.
पण काल किल्ल्याच्या वाटेवर
दोनदाच टेकले,
आणि दरवाजाशी पोचले तेव्हा
वरच्या ओठावर काहीतरी ओलं, खारट.
मला वाटलं, वाऱ्यानं पाणी उडालं.
समुद्र तर पार खाली होता.
घाम.
पदर हातात होता, पुसला नाही.

आज फळ्यावर आकडा लिहिला,
दोन पूर्णांक सहा,
आणि त्याखाली, कोणी न सांगता,
बारीक अक्षरात:
मुखाशी गाळ आहे.
निघण्याआधी दाऊदला विचारा.
साहेबांनी चष्मा वर करून वाचलं.
हे कोष्टकात कुठे आहे, म्हणाले.