बोरिंगचं पाणी

सुगनबाई म्हणाली, "यो तो खारा पाणी को दाग हे बई, नी जाए,"
आणि बादली उचलून समोरच्या फ्लॅटमध्ये गेली.
मग मीच पदर खोचला.
रविवारी मिहिर येणार, बरोबर त्याचे सासू-सासरे,
आणि शहराचा नंबर पहिला असताना
आपल्या न्हाणीघराचा शेवटचा यावा, हे बरं नव्हे.

निपानियाच्या या सातव्या मजल्यावर
नर्मदा येते एक दिवसाआड, तीही पिण्यापुरती.
अंघोळीला बोरिंगचं,
साडेपाचशे फुटांखालून ओढून आणलेलं,
दगडाशी लागलेली सवय न सुटलेलं पाणी.
काचेवर उडतं, वाळतं,
साबणाशी संधान बांधतं
आणि मागे ठेवतं एक पांढरी खरखर.
नखानं खरवडा, नखात बसते.
काचेवरून मात्र हलत नाही.

काचेचं दार ही मिहिरची हौस.
वर्षातून आठ दिवस येतो,
उभ्यानं न्हातो, गीझर रिकामा होईस्तोवर.
उरलेले तीनशे सत्तावन्न दिवस
दार मालूआत्याचं.

आत्या यांची. छत्तीस वर्षं मुलींना भूमिती शिकवली.
गुडघे गेल्यावर आमच्याकडे आली
एक ट्रंक, कंपासपेटी आणि पितळी तांब्या घेऊन.
दार बघून म्हणाली,
"ही काय सराफ्यातली शोकेस? आत बसवून भाव लावणार का माझा?"
आम्ही हसलो.
ती हसली होती का, आता आठवत नाही.

एकदा आत घसरली, तेव्हापासून
बेसिनपाशी मोढा टाकून मी बसते,
पाठ काचेकडे, मांडीवर मटारचं ताट.
"बघत नाहीये हं आत्या."
"बघण्यासारखं काय उरलंय," ती म्हणते,
पण तांब्या थांबलेला असतो तेवढा वेळ.

तर, व्हिनेगर कोमट केलं,
भांड्यांचा साबण घातला, फवारलं, अर्धा तास थांबले.
लिंबाची सालं, सोडा, जुन्या पेपराचा बोळा.
वरचा भाग दोन हातांत निघाला. तो मिहिरचा, पातळ.
खाली, स्टुलावर बसलेल्या माणसाच्या खांद्यापर्यंत,
थरावर थर.
आणि नीट पाहिलं तर त्यात कंस होते,
एकात एक, तांब्यातून उडालेल्या पाण्याचे,
जवळजवळ एकाच केंद्रातून काढल्यासारखे.

घासत राहिले. दंड भरून आले.
तळहाताएवढी काच मोकळी झाली
आणि तिच्यातून अचानक सगळं दिसलं:
निळं स्टूल, त्याचा झिजलेला पाय,
चंदनी साबणाची चिपटी,
भिंतीचा स्टीलचा दांडा, जिथे ती हात ठेवते.

काठीचा आवाज आला. आत्या दारात.
चष्मा वर करून पाहत राहिली.
"अडीच वर्षं लागली गं त्याला," म्हणाली,
फळ्यावरचं गणित मुलींनी उतरवून घेण्याआधीच
कुणी पुसून टाकावं, तशा आवाजात.
"आता कुठे कमरेच्या वर आलं होतं."

मला वाटत होतं तिला डाग दिसत नाहीत.

बोळा धुतला. व्हिनेगरची बाटली ओट्याखाली ठेवली.
मिहिरला फोन करून सांगितलं, जात नाही रे,
खाऱ्या पाण्याचा डाग आहे.
तो म्हणाला, एक लिक्विड मिळतं, मागवतो.
म्हटलं, राहू दे.

सकाळी मोढ्यावर बसले, पाठ काचेकडे.
शेंगा यंदा भरलेल्या आहेत, एकेकीत आठ-आठ दाणे.
मागे तांब्या बादलीत बुडाला.
पहिलं पाणी अंगावर पडल्याचा आवाज नव्हता तो,
काचेवर पडल्याचा होता,
मोकळ्या केलेल्या जागेवर, नेमका.
मग दुसरं. मग तिसरं.

"पुसू नकोस," आतून आत्या म्हणाली,
"वाळू दे."