‘अजून’ काढा

सातपूरला, तिसऱ्या मजल्यावर
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं
आणि मी डेटाबेसच्या पुस्तिकेसाठी शब्दार्थांची यादी करतो.
दोनशे चौदा शब्द.
तपासायला गायधनी. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त.
एकतीस वर्षं टपाल तिकिटांच्या कडा तपासल्या,
एक दात कमी भरला तर अख्खा ताव बाद.
पडद्यावर वाचत नाहीत. प्रिंट मागतात, ऐसपैस समास सोडून,
आणि सिटीलिंकनं स्वतः आणून देतात
प्लास्टिकच्या पिशवीत, वर एक पेरू.

पहिल्या खेपेचा शेरा :
‘कुलूप’पाशी लिहिलंय, पाहा ‘बंध’.
‘बंध’पाशी लिहिलंय, पाहा ‘कुलूप’.
वाचक काय रविवार कारंजाला
गाडी लावायला जागा शोधतोय?

दुसऱ्या खेपेला ‘व्यवहार’ :
एक तर पुरता होतो, नाहीतर झालाच नाही असं धरतात.
समासात बारीक अक्षर :
बरोबर आहे. भांडी बाजारात कुणाला पटणार नाही.

सायमा कोकणी कोड लिहिते, तिला शब्दांचं सोयरसुतक नाही.
‘डेडलॉक’पाशी मी तासभर अडलो तेव्हा म्हणाली,
भद्रकालीच्या बोळात दोन म्हशी समोरासमोर. लिही ना तसं.
तसं लिहिलं नाही. पण ‘कोंडी’ तिथूनच आली.

मग नल.
मी लिहिलं, शून्य.
लाल रेघ अशी दाबून आली
की मागच्या पानावरच्या शब्दांना वळ उठले.
शून्य म्हणजे मोजलं, आणि शून्य भरलं.
मी लिहिलं, निरंक.
निरंक म्हणजे साहेबांनी विचारलं, आपण सही करून कळवलं.
इथे कुणी काही कळवलेलंच नाही.
मी लिहिलं, रिक्त.
रिक्त पद असतं. निदान जाहिरात तरी निघते.

त्या रविवारी आत्याला घेऊन पंचवटीत गेलो,
तिच्या सासरच्या उपाध्यांकडे.
लांबट वही, लाल फडक्यात.
आधी गाव, मग कूळ, मग खापरपणजोबांची मोडीतली सही.
‘निर्देशांक’ची माझी व्याख्या चार ओळींची,
त्यांचं बोट चार श्वासांत पोचलं.
खाली खाली येत त्रिंबकरावांपाशी थांबलं.
एक्क्याण्णव साली पंपाचा वॉशर आणायला
सुरतेला गेलेला माणूस.
गेल्याची तिथी?
माहीत नाही, आत्या म्हणाली.
म्हणजे गेले, हे नक्की ना?
तेही माहीत नाही.
उपाध्यांनी पेनला टोपण लावलं.
बोटभर जागा सोडली, पान उलटलं.
राहू दे कोरं, म्हणाले,
आणि आत्यानं मान हलवली, जसं
भाजीवाल्याचा भाव पटल्यावर हलवते.

सोमवारी मी लिहिलं :
कोरे. ज्या रकान्यात किंमत अजून लिहिलेली नाही.
शून्य नव्हे, निरंक नव्हे.
दोन कोरे एकमेकांसारखे आहेत का, असे विचारू नये;
उत्तरही कोरेच येते.

गायधनींची बरोबरची खूण. दोन महिन्यांत पहिली.
तिच्याखाली :
‘अजून’ काढा. व्याख्येला वाट पाहता येत नाही.

काढला.
सगळ्या फाइलीत शोधून पाहिलं, आणखी कुठे राहिला तर नाही.
सायमा म्हणाली, चालेल, चढवते.

पण प्रत्येक शब्दाला एक उदाहरण लागतं, तसा नियमच आहे,
तेव्हा मी तीन रकान्यांचा तक्ता केला :
नाव, गाव, परतीची तारीख.
त्यात एकच ओळ भरली,
दोन रकान्यांपुरती.

उदाहरणावर शेरा आला नाही.
फक्त गावाच्या नावात, घाईत ऱ्हस्व पडलेली
दिंडोरीची री
त्यांनी दीर्घ करून दिली.