दोनदा दिवा

आमच्या गावाला समुद्र नाही.
डोंगर आहेत, मँगनीजची काळी धूळ आहे,
आणि दरीवर लोंबकळणारे रोपवेचे पाळणे,
गंजके, दाराला तारेची कडी,
खाणीवर माणसं नेणारे.
मी त्सिसाना. एकवीस वर्षं
वरच्या ठाण्यावर दांडा ओढते.

पाळणा सुटताना दिवा दोनदा झाकायचा.
नियमावलीत हे नाही.
हे आलं एका पोर्तुगीज माणसाच्या पुस्तकातून,
दीपगृहाच्या राखणदाराची गोष्ट:
होडी दिसली की तो दिवा दोनदा झाकतो,
म्हणजे, पाहिलं तुला. ये.

पुस्तक आलं तेव्हा आई शाळेत होती.
पिवळा कागद, उसवलेली शिवण,
या घरातून त्या घरात
विरजणासारखं मागून नेलेलं.
मग मंगळवारी रात्री रेडिओवर;
खाणीची पाळी म्हणे अर्धा तास उशिरा बदलायची.
मग बिस्किटाच्या पुड्यावर दीपगृह उगवलं,
न्हाव्याकडे राखणदाराची दाढी मिळू लागली,
फुटबॉलच्या संघाने त्याच्या होडीचं नाव घेतलं
आणि हरतच राहिला,
आणि भरती न पाहिलेल्या पोरी
रुसून म्हणू लागल्या,
"जा, माझी ओहोटी लागली."
धाकट्या भावाचं नाव ठेवलं बेंतू.
पाद्री कुरकुरला, या नावाचा संत कुठला?
आजोबा म्हणाले, लिहा तुम्ही. होईल.

गेल्या ऑक्टोबरात लेखकाची भाची आली.
इडालिना. साठीची. फरशांचं दुकान, दुखरे गुडघे.
म्हणाली, तिकडे कुणी वाचला नाही त्याला.
तीनशे प्रती. निम्म्या माळ्यावर,
निम्म्या मासळी बांधायला गेल्या.
मामा जकात कचेरीत कारकून होता.
समुद्राचा त्याला तिटकारा,
होडीत पाय ठेवला की ओकायचा.

पंगत गप्प.
दुभाष्या पोराने वाक्य पुन्हा सांगून पाहिलं,
तेच निघालं.
मग बोंदो उठला, आमचा तमादा,
पेल्यागणिक बोलायचा मान ज्याचा.
शिंग काठोकाठ भरलं.
"ज्यांना समुद्र आवडतो ते किनाऱ्यावर राहतात.
याला आवडला नाही,
म्हणून ढकलत ढकलत इथवर आणला त्याने.
त्याच्या ओकारीला!"
सगळे उभे राहिले. इडालिनाही, गुडघ्यांसकट.

माहेरी ज्याला कुणी पुसलं नाही
ते पुस्तक सासरी नांदलं,
असं मी तिला सांगणार होते.
पण दुभाष्या तोवर झोपला होता.

सकाळी ठाण्यावर तिने
दिव्याकडे बोट दाखवलं, मग दोन बोटं.
मी मान हलवली. हो, त्याचंच.
ती पोराला हळू काही बोलली:
आई विधवा. मासळीच्या कारखान्यातून
रात्री उशिरा चढण चढून यायची.
मामा गच्चीतला कंदील टोपीने झाकायचा,
दोनदा.
आई खालून शिवी द्यायची. तेल जळतंय, मेल्या!

दांडा माझ्या हातात तसाच राहिला.
खालच्या ठाण्यावरून माणसं ओरडू लागली.

जाताना तिने एक निळी फरशी दिली.
भिंतीला खिळा लागत नाही आमच्या,
म्हणून तिच्यावर किटली ठेवते.
ती बिस्किटांचे सहा पुडे घेऊन गेली.
ती बिस्किटं साफ बेचव आहेत.
सांगितलं नाही मी.