डावी बाजू

हातमोजे घालायला लावले मला.
ज्या बोटांनी हे चिकटवलं, त्याच बोटांना.

स्लाऊच्या एका गोदामात, पांढऱ्या कापडावर
साडेचार फुटांचं यान.
पडद्यावर ते चार मैल लांब होतं.
लिलावघराची मुलगी, इमोजेन, टॉर्च धरून उभी,
दुसऱ्या हातात फॉर्म:
अस्सल आहे का? हो. नाही.
एका चौकोनात फुली मारायची, मिस्टर ट्रँटर, एवढंच.

बघू दे आधी.

पोटाखालची ही नळ्यांची दाटी
रणगाड्यांच्या किटमधली. खोकीच्या खोकी फोडायचो,
रणगाडा मात्र एकही जोडला नाही.
शेपटीचं धुराडं म्हणजे कँटीनची गाळणी;
मिसेस ओपी महिनाभर पत्तीसकट चहा देत राहिल्या, सूड म्हणून.
हा घुमट अ‍ॅस्पिरिनच्या बाटलीचं झाकण.
त्या हिवाळ्यात झाकणांना तोटा नव्हता.

मळ तेवढा खरा.
पेन्सिलीचं शिसं कुटून अंगठ्याने चोळलेलं.
हेझल म्हणायची, नवंकोरं यान कोण खरं मानेल?
भाड्याच्या सायकलीसारखं दिसू दे,
कुणीतरी रोज कामावर नेत असल्यासारखं.

आणि हे चाक उलटं.
रात्रीचे दोन, उलटं बसलं, गोंद सुकला.
कुणाला कळतंय, म्हणालो होतो.

इथे, लॅकरखाली, एक केस.
तांबूस. लांब.
टॉर्च थांबला.
ब्रशचा असेल, मी म्हणालो.

म्हणजे अस्सल?

फिरव.

डावी बाजू तेव्हा नव्हतीच.
कॅमेरा उजवीकडून यायचा,
पैसे उजवीकडेच संपायचे.
इकडे नुसतं प्लायवुड, लोंबत्या वायरी,
आणि कुणाचे किती सँडविच, त्याचा पेन्सिलीतला हिशेब.
देखल्या देवा दंडवत, तसं आमचं अंतराळ.

आता इथे नळ्या. घुमट. गाळणी.
इमोजेन कागद वाचते:
सिरिल वॅगस्टाफ, लेस्टर, पोस्टमन.
स्टुडिओ मोडला तेव्हा कचऱ्याच्या ढिगातून उचललं,
सायकलच्या कॅरिअरला बांधून स्टेशनपर्यंत.
पुढचे अकरा हिवाळे.
आता मुलीने विकायला काढलंय, घर रिकामं करायचंय.

मग ही बाजू खोटी धरायची का?
ती विचारते, तिचा दोष नाही,
किमतीला डावं-उजवं करावंच लागतं.

मी चष्मा वर सारून जवळ गेलो.
ती किट बाजारातून गेल्याला किती वर्षं झाली होती.
कुठून आणली असतील त्याने? कुणाच्या माळ्यावरून,
कुठल्या मोठ्या झालेल्या मुलाच्या ट्रंकेतून?
गोंद आमच्यापेक्षा स्वच्छ.
सँडविचच्या हिशेबावर त्याने रंग दिलेला नाही,
तेवढ्यापुरतं काचेचं झाकण, चार बारीक स्क्रू.
आणि बरोबर त्याच जागी
चाक, उलटं.

मला हसू आलं, मग ते घशात बसलं.
आमची झोप त्याने रचना म्हणून वाचली होती.

दिवे लाव, म्हटलं. गोदामाचे बंद कर.
बारा व्होल्ट. गाडीचे बल्ब.
उजवीकडे तिसऱ्या रांगेत सतरावी खिडकी काळी;
शेवटच्या दिवशी गेला होता बल्ब,
बदलायला वेळ नव्हता, तशीच ती पडद्यावरून गेली,
चाळीस सेकंद, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

डावीकडे, तिसरी रांग.
पंधरा, सोळा.
सतरावी काळी.
मी पट्टी उघडली. आत बल्ब होता, चांगला, पेटलेला.
वर काळ्या कागदाचा तुकडा,
नखाएवढा,
कात्रीने नीट कापून चिकटवलेला.

बराच वेळ आम्ही दोघं बोललो नाही.
बाहेर कुठलातरी ट्रक मागे येत होता, टुंटुं करत.

फुली मी मारलीच नाही.
फॉर्मच्या समासात लिहिलं, जागा पुरेना म्हणून आडवं:
नेताना कुठलीच बाजू खाली ठेवू नका.
केस काढू नका.
काळ्या खिडक्या दोन आहेत. दुरुस्त करू नका.